उसवायचं नाही

प्राचार्यांचा कोट शिलाई मशीनवर पालथा पडला होता. त्याच्या अस्तराची खालची शिवण सुटली होती, आणि आतला अंधार, दमलेल्या माणसाने आ वासावा तसा, वर्गाकडे पाहत होता. टाचणीबाईंनी त्या अंधारात कोपरापर्यंत हात घातला, आतली चुरगळ सारखी केली आणि फाटक्या कडा दुमडून एकमेकींना टाचल्या. मग ओठांतली उरलेली टाचणी जिभेने एका कोपऱ्यात सारून त्या म्हणाल्या, “बघा, अस्तर म्हणजे कपड्याचं मन. ते कुणाला दिसत नाही. पण तिथं फाटलं, की बाहेरची इस्त्री काही कामाची नाही.”

“मॅडम, प्राचार्यांचं मन एवढं फाटलंय?” मागच्या टेबलावरून बॉबिनने विचारले.

बॉबिन ही वर्गातली सर्वांत वांड मुलगी. ठेंगणी, गोलसर आणि सदैव गरगरणारी; तिचे खरे नाव केवळ हजेरीपुरते उरले होते. बाईंचे ‘टाचणीबाई’ हे नावही तिनेच पाडलेले. ते बाईंना ठाऊक होते आणि मनातून थोडेसे आवडतही होते. ओठांत टाचणी नसली, तरी त्यांच्या शब्दांना टोक असेच.

एके काळी बाईंनी रचलेले पोशाख दिव्यांच्या झोतात मिरवले होते. आता त्या या महाविद्यालयात शिवणकाम आणि वेशरचना शिकवत, आणि त्यांच्या शिकवण्याचा मूलमंत्र एकच होता: उसवायचं नाही. टाका चुकला, तर त्या चुकीची चुणी करा, पट्टी करा, हवे तर फूल करा. पण उसवू नका. “उसवणं म्हणजे पळवाट,” त्या म्हणत. “आणि दोरा निघाला, तरी भोकं कापडाच्या लक्षात राहतात.” म्हणून सत्राच्या आरंभीच त्यांनी मुलांची टाके उसवायची हत्यारे जप्त करून खणात टाकली होती. पुढे कात्र्याही त्याच खणात जाऊ लागल्या, कारण शेजारच्या संगणक विभागाचे प्रमुख वायरी कापायला कापडाची कात्री उचलून नेत आणि परत करण्याच्या बाबतीत कमालीचे विसराळू होते. खणाची किल्ली बाईंकडून हटकून हरवे. त्यावर सासूबाईंनी तोडगा काढला होता. रोज सकाळी सून निघाली, की त्या तिच्या ओढणीच्या टोकाला किल्लीची गच्च गाठ मारत आणि म्हणत, “आता तूच हरवलीस, तरच ही हरवेल.”

आज खोली लखलखीत आवरलेली होती. कात्र्या खणात, खण कुलपात. संस्थेच्या अध्यक्षबाई खोली पाहायला येणार होत्या, आणि ही खोली राहायची की जायची ते त्यांच्या एका शब्दावर होते. उत्तरेकडे उंच खिडक्या, त्यांतून दिवसभर पाझरणारा शांत, सावलीविरहित प्रकाश; त्या प्रकाशात काळ्या कापडावरचा काळा दोराही दिसे. संगणक विभागाला मात्र तिथे टेबले मांडायची होती, आणि मांडल्याबरोबर खिडक्यांना जाड पडदे लावायचे होते. कालच प्राचार्य म्हणाले होते, “शिवण काय हो, माणूस घरीही शिकतो. त्याला एवढी मोठी खोली कशाला?” बाईंना ते वाक्य रात्रभर टोचत राहिले. सकाळी त्याच प्राचार्यांनी फाटका कोट पाठवला, तेव्हा त्यांना वाटले, बरे झाले. आता उत्तर टाक्यांनीच देऊ.

त्यांनी शिलाई मारली. जाऊन, येऊन आणि खातरजमेसाठी पुन्हा जाऊन. कात्री खणात असल्यामुळे दोरा दाताने तोडला आणि बॉबिनकडे न बघता म्हणाल्या, “हे बघायचं नाही.”

“नाही बघितलं, मॅडम.”

“आणि हा टाका बघा. कोट जाईल, पण टाका जाणार नाही.”

एवढ्यात दार धाडकन उघडले. नुसत्या सदऱ्यातले, घामाघूम प्राचार्य आत आले. “झालं का? अध्यक्षबाई फाटकाशी आल्यासुद्धा!” उत्तराची वाट न पाहता त्यांनी मशीनवरून कोट उचलला, एक बाही, दुसरी बाही, आणि पाठ फिरवून ते निघाले.

बाईंच्या खांद्याला हिसका बसला.

प्रथम त्यांना वाटले, ओढणी मशीनमध्ये अडकली. पण मशीन जागेवर होते आणि त्या चालू लागल्या होत्या. त्यांच्या डाव्या खांद्यावरून निघालेली ओढणी, एखादी रेंगाळलेली ओळ दुसऱ्या कडव्यात शिरावी तशी, थेट प्राचार्यांच्या कोटाच्या अस्तरात शिरत होती. अस्तरात हात घातला, तेव्हा हाताबरोबर ती आत उतरली होती. आणि मग जाऊन, येऊन आणि खातरजमेसाठी पुन्हा जाऊन तिच्यावर शिलाई पडली होती.

खरे सांगून टाकावे, असे बाईंच्या मनात आले. एका वाक्याचे काम. पण त्या वाक्याच्या पलीकडे त्यांना जाड पडदे दिसले. कोटाचे अस्तर शिवताना स्वतःलाच शिवून घेणाऱ्या बाईला उत्तरेचा प्रकाश कोण देणार? ओढणी सोडून द्यावी, तर प्राचार्यांना मागे जांभळी शेपूट फुटणार. त्या मुकाट्याने मागोमाग निघाल्या.

बॉबिन धावत शेजारी आली. तिने एका नजरेत सारे पाहिले आणि तिचा चेहरा सणासारखा उजळला. “मॅडम, कात्री आणू?” ती कुजबुजली.

“आण, पळ! खणात आहे.”

“किल्ली?”

बाईंनी सवयीने ओढणीचे टोक हातात घ्यायला हात नेला. हात प्राचार्यांच्या कोटाला लागला. आतून, पावलागणिक, किल्ली मंद किणकिणत होती.

“अगं बाई,” टाचणीबाई म्हणाल्या.

“तरी तुम्ही म्हणताच ना, मॅडम, उसवायचं नाही,” बॉबिन अतिशय आदराने म्हणाली.

“तू गप्प बस. आणि हसू नकोस.”

“हसत नाहीये, मॅडम. रचनेत सामावून कसं घ्यायचं, त्याचा विचार करतेय.”

प्राचार्य थबकले आणि वळले. ते वळले तसा कोटाचा मागचा भाग फिरला, आणि त्याबरोबर बाईही गिरकी घेऊन पुन्हा त्यांच्या पाठीशी गेल्या.

“कुठं गेलात?”

“इथंच आहे, सर. मागं.”

“मागं काय करताय?”

“कोटाचा झोल बघतेय. चालताना कसा पडतो तो.”

“बरं. आज पाठ कशी ओढल्यासारखी होतेय हो. वय झालं,” असे म्हणून प्राचार्य खिन्नपणे पुढे निघाले. मागून बाई, बाईंमागून बॉबिन आणि बॉबिनमागून, तिने केवळ भुवई उडवल्यामुळे, अख्खा वर्ग.

पायऱ्यांपाशी अध्यक्षबाई उभ्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या आणि करड्या नजरेच्या. शेजारी हातात पोलादी टेप घेऊन संगणक विभागाचे प्रमुख. प्राचार्यांनी लवून नमस्कार केला. मागे बाईही आपोआप लवल्या. प्राचार्य सरळ झाले; बाईही झाल्या.

“काय शिस्त आहे!” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मॅडम, तुम्ही पुढं या ना.”

“नको, मी मागंच बरी.”

“एवढा विनय बरा नव्हे,” संगणकप्रमुख गोड हसून म्हणाले. “चला, खोली मापूनच टाकू.”

खोलीत प्रकाश आपल्या जागी, काही न कळल्यासारखा उभा होता. संगणकप्रमुखांनी भिंतींवरून असा हात फिरवला, की जणू पडदे लागलेच आहेत. मग त्यांनी टेपचे एक टोक प्राचार्यांच्या हाती दिले. “सर, तुम्ही खिडकीशी जा. मॅडम, तुम्ही डबी धरून दाराशी.” स्वतःच्या घराचे माप स्वतःच्याच हाताने द्यायला लावण्यात त्यांना काही वेगळाच आनंद होता.

“मी इथूनच धरते,” बाई म्हणाल्या.

“इथून? अहो, खोली तिथं संपते.”

“अंदाजानं घ्या की.”

“शिवणात चालत असेल अंदाज. आमच्याकडं नाही चालत.”

वर्ग चुळबुळला. अध्यक्षबाईंच्या कपाळावर बारीक आठी आली. “धरा हो, मॅडम. त्यात काय एवढं?”

प्राचार्य खिडकीकडे निघाले. बाईंनी डोळे मिटले आणि दाराकडे पाऊल टाकले.

ओढणी सैल होती ती सरळ झाली. सरळ होती ती ताणली गेली. सुती, जाड, सासूबाईंनी निवडलेली ती ओढणी खोलीच्या मध्यावर जांभळ्या रेषेसारखी थरथरली, आणि प्राचार्य एक पाय उचललेल्या स्थितीत जागच्या जागी थांबले. कोटाचे टोक मागे उभे राहिले. किल्ली एकदाच वाजली.

“हे काय आहे?” अध्यक्षबाईंनी विचारले.

बाईंनी तोंड उघडले. ओठांतली टाचणी खाली पडली, आणि ती पडल्याचेही सर्वांना ऐकू आले. आता खरे सांगायचे, असे त्यांनी ठरवले होते. पण त्यांच्या आधी मागच्या टेबलाकडून आवाज आला.

“प्रात्यक्षिक आहे!” बॉबिन पुढे येत म्हणाली. “शिवणीची ताकद तपासायची. शिवलेली दोन कापडं दोन बाजूंना ओढायची, अन् आधी काय सुटतं ते बघायचं. आमच्या अभ्यासक्रमात आहे. प्राचार्यांनी मोठ्या मनानं स्वतःचा कोट दिला.”

सर्वांच्या नजरा प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी मान वळवून स्वतःच्या मागे पाहिले. ओढणी पाहिली, बाई पाहिल्या आणि अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर उमटत असलेले कौतुकही पाहिले. उचललेला पाय त्यांनी सावकाश खाली ठेवला.

“अर्थात,” ते म्हणाले. “मला कल्पना होतीच. कल्पना माझीच.”

“वा! मी ओढून बघू?” अध्यक्षबाईंनी पदर खोचला.

बाईंनी खांद्याची पिन काढून ओढणी त्यांच्या हाती दिली. अध्यक्षबाईंनी आधी हलकेच, मग सगळा जीव लावून ओढले. प्राचार्य पाठमोरेच सरकत आले. टाका जसाच्या तसा.

“मजबूत आहे हो! तुम्ही बघा ओढून,” त्यांनी ओढणी संगणकप्रमुखांना दिली.

संगणकप्रमुखांनी टेप खिशात टाकला. त्यांच्या डोळ्यांत ती टेबले, ते पडदे, त्या रांगा सारे एकवटले. हा टाका तुटला, की खोली आपली. त्यांनी एक पाय कपाटाला टेकवला. “सर, घट्ट उभे राहा,” असे ते म्हणाले आणि त्यांनी हिसका दिला.

टर्र!

प्राचार्यांचा कोट कॉलरपासून कमरेपर्यंत दुभंगला. ती शिवण शहरातल्या सर्वांत महागड्या दुकानाची होती. त्याच क्षणी संगणकप्रमुख तोल जाऊन मागच्या मागे जमिनीवर बसले, आणि तिथूनही एक, जराशी खासगी, टर्र ऐकू आली. ते घाईने उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले ते शेवटपर्यंत तसेच. कोट फाटला होता, प्राचार्य फाटायचे राहिले होते. पण खाली, कडेशी, ओढणी अस्तराला बिलगून होती. एक टाका हलला नव्हता.

अध्यक्षबाईंनी ती कड उजेडाकडे धरली. बराच वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. “असं काम दिव्याखाली होत नाही,” त्या अखेर म्हणाल्या. “खोली इथंच राहील. आणि हा कोट ओढणीसकट काचेच्या कपाटात ठेवा. मुलांना कळू दे, टाका कसा असावा ते. मात्र एक करा, मॅडम.”

“काय?” बाईंनी ओलावलेल्या डोळ्यांनी विचारले.

“हे कधीही उसवायचं नाही.”

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. सर्वांत जोरात बॉबिनने.

संध्याकाळी सासूबाईंनी सुनेला मोकळ्या खांद्यांनी येताना पाहिले आणि कपाळाला हात लावला. “अगं, हरवलीस ना किल्ली?”

“नाही हो, सासूबाई. ती कुठं आहे, ते माझ्या वर्गाला माहीत आहे. फक्त काढता येत नाही.”

आता खोली होती, प्रकाश होता, आणि कात्री एकही नव्हती. कपाट संध्याकाळीच लागले होते, त्यावर अध्यक्षबाईंच्या हातचे कुलूप होते. आणि खण मोडायला सुतार बोलवावा, तर किल्ली कुठे आहे ते प्राचार्यांना सांगावे लागणार होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी बराच वेळ विचार केला. अवघ्या महाविद्यालयात कापडाच्या कात्र्या आता एकाच माणसाकडे होत्या. त्याने त्या परत केल्या नव्हत्या म्हणून. त्या जड पावलांनी संगणक विभागाच्या दाराशी गेल्या, तर ते दार आतून उघडले.

संगणकप्रमुख बाहेर आले. त्यांच्या एका हातात बाईंच्या साऱ्या हरवलेल्या कात्र्या होत्या आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली एक पँट.

“तुमच्याकडंच येत होतो,” ते इकडेतिकडे पाहत म्हणाले. “घ्या तुमच्या कात्र्या. आणि ही एवढी शिवून द्या. मागून गेलीय. कुणाला बोलू नका.”

“नाही बोलणार,” बाई म्हणाल्या. त्यांना त्या माणसाबद्दल प्रथमच माया वाटली. “अशी शिवून देते, की पँट जाईल, पण टाका जाणार नाही.”

“त्याची खात्री आहे हो मला. काल मी ओढली, तेव्हा आत किल्लीही वाजली.” त्यांनी पँट बाईंच्या हातात दिली, नव्या ओढणीकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला. “फक्त शिवताना ती तेवढी काढून ठेवा. मला दुपारी प्राचार्यांच्या पुढं एकट्यानं चालायचंय.”