कुबात किती वेळा मेला

माणसं रडवावीत तर मीच! ही बढाई नव्हे, आमच्या अट-बाशी गावात कुणालाही विचारा. पंधराव्या वर्षी आईशेजारी भिंतीकडे तोंड करून बसले आणि पहिला कोशोक गायले. तेव्हापासून परवापरवापर्यंत आमच्या गल्लीतला एकही माणूस माझ्या शोकगीताशिवाय मातीत गेला नाही. सामूहिक शेताचा तो खडूस अध्यक्ष, ज्याच्या मरणाकडे निम्मं गाव डोळे लावून बसलं होतं, त्याच्यासाठीसुद्धा असं गायले की त्याचे वैरी हुंदके देत घरी गेले!

तेव्हा नातीला शंभर प्रेक्षक मिळवून देणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं.

नात म्हणजे जिपार. ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली. तिच्यासाठीही मीच गायले, पण ते असो. बाप, म्हणजे माझा मुलगा कुबात, सहा वर्षं मॉस्कोत गोदामात खोकी उचलतो. त्याने पाठवलेल्या काँप्युटरवर जिपार गाय पिळून झाली की लढाईचा खेळ खेळते आणि तो खेळताना जगाला दाखवते. जग म्हणजे चार जण. एक ती स्वतः, दुसऱ्या फोनवरून. एक मी, भाकरी थापताना. एक तिची मैत्रीण. आणि चौथा कुणी ‘करडा लांडगा’ नावाचा, जो रोज ठरल्या वेळी यायचा आणि अवाक्षर लिहायचा नाही.

“चोर असेल,” मी म्हणायचे. “घर हेरत असेल.”

“आजी, चोराला आपल्याकडे काय मिळणार? तू?”

कुबातने फोनवर निक्षून सांगितलं होतं, “नूरूजच्या सणापर्यंत एका वेळी शंभर माणसं बघताना दिसली तर ठीक. नाहीतर शाळा संपली की काँप्युटर विकायचा आणि पोरीने माझ्यासोबत गोदामात यायचं.” म्हणजे या घरात उरणार कोण? मी आणि कुत्रा. त्यातही कुत्रा बहिरा.

नूरूज आठवड्यावर आला आणि आकडा चारावरच, खुंटीला बांधल्यासारखा! शेवटी मी जिपारच्या पाठीमागे जाऊन बसले आणि नीट बघितलं. पडद्यावर तिचा घोडेस्वार बर्फात पडला, मेला. पोरीने बोटाने काहीतरी दाबलं आणि तो उठून पळायला लागला!

“अगं, हे काय? न्हाऊ नाही, माखू नाही, कुणी टिपूस गाळलं नाही! अशा मेलेल्याला बघायला कोण येईल? नाव काय त्याचं?”

जिपार मान खाली घालून म्हणाली, “कुबात.”

“बापाचं नाव?”

“काँप्युटर विकतो म्हणाला ना! म्हणून रोज मारते. आज सव्वीस वेळा मेला.”

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग भिंतीकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवले आणि गळा मोकळा सोडला.

“परक्या मुलखी गेलास रे, माझ्या कुबाता,
घोडा आला रिकामा, कुणा पुसू आता!”

काय सांगू तुम्हाला! दोन वर्षांत गायले नव्हते. हल्ली मशिदीतली पोरं सांगतात की मेलेल्यासाठी गाऊन रडणं चांगलं नव्हे, त्यामुळे मला कुणी बोलावत नाही. आवाज साठून राहिला होता, सगळा बाहेर पडला. खिडकी उघडी होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात शेजारची बुरुल धाडकन दार उघडून आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. “आपा! अहो साइराकान आपा! काय हो हे झालं!” असा हंबरडा फोडला की कुत्र्यालाही ऐकू गेला.

बुरुलचा नवरा शेराली दम्याने वर्षभर अंथरुणावर होता. गेला बिचारा, मी म्हटलं. आता आमच्यात रडणाऱ्याला ‘कोण गेलं’ असं विचारायचं नसतं. आधी रडायचं, मग चहा, मग चौकशी. मी तिला घट्ट धरलं आणि शेरालीसाठी दोन ओळी गायले. ती कुबातसाठी रडत होती, मी शेरालीसाठी. दोघींची छान लय लागली!

“आजी, थांबू नकोस!” जिपार कानांवरची यंत्रं न काढता ओरडली. “एकशे बारा झाले!”

एकशे बारा! मी आवाज आणखी चढवला. माणसाला मोह वाईट.

बाया येत गेल्या. एकेक बाई माझ्या गळ्यात पडे, मी तिच्या. आकडा डोंगरावरून मेंढ्या उतराव्यात तसा धावत होता, चारशे, नऊशे, दोन हजार. अंगणात मर्तिकाच्या तंबूच्या काठ्यांचा खडखडाट सुरू झाला. कुणीतरी मेंढी आणली. मला वाटलं, शेरालीच्या अंगणात जागा नाही म्हणून आमच्याकडे उभारताहेत. शेजारधर्म आहे!

आणि दारात काठीवर वाकून, “अरे माझ्या भावा! अरे माझ्या सोन्या!” असा आक्रोश करत कोण उभा असावा? शेराली!

मी किंचाळले. मेलेला माणूस स्वतःच्या मर्तिकाला आला होता!

“तू... तू मेलास ना?”

“मी नाही गं आपा,” तो धापा टाकत म्हणाला. “तुझा कुबात!”

गल्लीत मॉस्कोहून किती शवपेट्या आल्या ते मी मोजत नाही. त्या सगळ्यांसाठी मी गायले आहे. क्षणभर त्यांत कुबातची दिसली. मग डोकं ताळ्यावर आलं.

“अरे, तो खेळातला कुबात! माझा जिवंत आहे!”

बुरुलने माझे दोन्ही हात धरले. “बघा, आईचं काळीज. मानायला तयार नाही.”

“अगं, पोरीला विचार! तिनेच मारला त्याला, सव्वीस वेळा!”

“भ्रम झाला,” कुणीतरी हळहळलं. “पाणी द्या.”

कुबातला फोन लावला तर बंद. कामावर फोन कपाटात ठेवतात. पण ते तेव्हा कुणाला आठवतंय? बाया पुन्हा रडायला लागल्या आणि या खेपेला, खरं सांगते, माझ्याही घशातून गाणं निघेना. त्या दोन तासांत एकच वाटत होतं. आपणच गाऊन मारला की काय!

मेंढी तोवर शिजली होती. फोन वाजला. शेरालीने तो सगळ्यांना ऐकू येईलसा लावला.

“आई,” कुबात म्हणाला, “मी मेलोय का?”

मी फोनवर झडप घातली.

“नाही रे बाळा!”

“मग खोलीत बारा जण येऊन रडताहेत ते कशासाठी? मी दार उघडलं तर पहिला बेशुद्ध पडला!”

बुरुलने आपल्या तिथल्या भाच्याला कळवलं होतं. मॉस्कोतल्या गाववाल्यांनी प्रेतासोबत येणाऱ्यासाठी विमानाचं तिकीटही काढून ठेवलं होतं.

जिपारने फोन हिसकावला. “बाबा, तीन हजार माणसं होती! मी जिंकले!”

“ती खेळ बघायला नव्हती आली. मला पुरायला आली होती. धरणार नाही.”

शेजाऱ्यांनी मेंढी खाऊन संपवली, तळलेले बोरसोक पदरात बांधून नेले आणि जाताना बजावलं, आता या घरातून कितीही रडणं ऐकू आलं तरी कुणी येणार नाही. माझी वेळ येईल तेव्हा काय, हा प्रश्न मी गिळला.

तिकीट वाया जाऊ नये म्हणून गाववाल्यांनी कुबातलाच विमानात बसवला. सहा वर्षांनी पोरगा घरी आला. केस पिकलेले, पाठ वाकलेली. आल्या आल्या, प्रवासाच्या कपड्यांनीच, स्वयंपाकघरात चहा घ्यायला बसला.

आतल्या खोलीत जिपार खेळायला लागली. “मित्रांनो, नमस्कार,” तिचा आवाज आला. आणि दहा-बारा सेकंदांनी, कुबातच्या खिशातून, पुन्हा तोच आवाज आला. “मित्रांनो, नमस्कार.”

मी बघितलं. तो लाल झाला.

“करडा लांडगा?”

“जेवणाच्या सुटीत बघतो,” तो चहात बघत पुटपुटला. “तिला सांगू नकोस. त्या दिवशी पहिल्या दोन ओळी ऐकल्या, मग सुटी संपली. छान गायलीस.”

पण जिपार दारात उभी होती. मग कुबात फोन बंद करून आत गेला आणि तिच्या पाठीशी स्टूल ओढून बसला. दहा दिवस तसाच बसला. स्वतःला कितीदा मरताना पाहिलं, देव जाणे. “डावीकडे वळव गं, डावीकडे!” म्हणून ओरडायचा. ते तीन हजार लोक दोन दिवस ‘आजी, आज कोण?’ असं विचारत राहिले. कुणी मरत नाही म्हटल्यावर निघून गेले. नूरूजच्या दिवशी आकडा होता तीन.

काँप्युटरचा विषय कुबातने काढला नाही. परत जाताना त्याने एकच पिशवी भरली आणि एकटाच गाडीत बसला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, पोहोचलास की कळव. आणि नेहमीप्रमाणे त्याने कळवलं नाही.

काल दुपारी भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने फोन उघडला. आकडा चार!

मी कमरेवर हात ठेवून गाणार होते. पण खिडकी उघडी होती.