ग्रेडरसाहेबांच्या घरचा जलसा

लग्नानंतर मी बायकोला घेऊन पहिल्यांदा पांढरकवड्याला आलो, तेव्हा शेजारचे ग्रेडरसाहेब तिला पाहायला आले. ती पाया पडली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निकाल दिला, "मास्तर, पोरगी एक नंबर हाय. तुमी दोन नंबर. पण चालते. मिक्स करून कापसाची गठाण बांधता येते."

बायको आत जाऊन इतकी हसली की चहा उतू गेला. मला काही फारसं हसू आलं नाही. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि स्वतःला निदान दीड नंबर तरी समजत होतो.

त्यांचं खरं नाव वामनराव. पण त्या नावानं त्यांना पोस्टमनही ओळखत नव्हता. तीस वर्षं त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची नोकरी केली होती. गाडी आली की कापसातून एक पुंजका उपटायचा, दोन अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते उन्हात धरून पाहायचं आणि ग्रेड सांगायची. त्या एका शब्दावर माणसाच्या वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरायचा. रिटायर झाले तेव्हा कापूस हातातून गेला, पण अंगठे काही थांबले नाहीत. मग त्यांनी समोर येईल त्याची ग्रेड लावायला सुरुवात केली.

त्यांचे मुख्य शब्द तीनच होते. चांगलं ते 'एक नंबर'. टाकाऊ ते 'फरदड', म्हणजे झाड थकल्यावर शेवटी शेवटी निघणारा हलका कापूस. आणि तिसरा शब्द सगळ्यात जालीम, 'ओल हाय'. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणणारे काही महाभाग असत, त्यांच्यासाठीचा हा शब्द. आता तो ते माणसांना लावत. नगरसेवक हात जोडून गल्लीत आला, की तो वळणावर दिसेनासा व्हायच्या आत साहेब म्हणत, "ओल हाय." माझ्या हेडमास्तरांच्या निरोप समारंभातल्या भाषणाला त्यांनी पहिल्या रांगेत बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, फरदड म्हटलं होतं.

रस्त्यानं चालले की खेड्यावरून आलेली माणसं त्यांना पाहून पलीकडच्या बाजूला जात. मला आधी तो आदर वाटला. बायकोनं दोन महिन्यांत खरं काय ते शोधून काढलं. त्या माणसांपैकी प्रत्येकाच्या गाडीला कधी ना कधी साहेबांनी खालची ग्रेड दिली होती. त्यांनी पैसे खाल्ले असं कोणीच म्हणत नव्हतं. खात नव्हते हीच तर तक्रार होती, म्हणे. खाल्ले असते तर काही मार्ग तरी निघाला असता. त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता, आणि साहेबांच्या दाराची कडी दिवसचे दिवस वाजत नव्हती.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला दूर उत्तरेकडे डोंगरात मोठा भूकंप झाला. गावंच्या गावं बसली. मग टीव्हीवर जाहिरात सुरू झाली, की रविवारी दुपारी मुंबईच्या एका स्टेडियममध्ये मोठमोठे गायक-नट येणार, मदतीसाठी गाणार, आणि तो कार्यक्रम देशभर थेट दाखवणार. आमच्या गल्लीत रविवारी दुपारी लाईट नसायची. इन्व्हर्टर एकट्या साहेबांकडे होता. मुलानं मोठा टीव्ही आणि इन्व्हर्टर दोन्ही पाठवलं होतं, यायला जमत नाही म्हणून.

शुक्रवारी साहेब इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात उभे. हातात वाटी, वाटीत हळदीकुंकवाच्या अक्षता. लग्नाचं बोलावणं करावं तसे ते गल्लीत घरोघरी जाऊन आले होते. "रविवारी चार वाजता जलसा हाय माह्या घरी," ते म्हणाले, जणू गायक त्यांच्याच ओसरीवर उतरणार होते.

रविवारी पंधरा-वीस माणसं जमली. बहुतेक इन्व्हर्टरसाठीच आली होती, पण आली. साहेबांनी सतरंज्या घातल्या होत्या, दारात पाण्याचं घंगाळ ठेवलं होतं, पानाचं तबक मांडलं होतं. स्वतः टीव्हीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, खरेदी केंद्रावर बसत तसे, आणि एकेक गाडी सोडू लागले.

पहिली गायिका आली. साहेबांनी डोळे मिटले, अंगठे जुळवले. "धागा लांब हाय. एक नंबर." दुसरा आला तो नाचतच. "सरकीच सरकी. रुई कुठी हाय याच्यात?" म्हणजे नुसत्या बिया, कापूस नाहीच. तिसऱ्या एका देखण्या नटाला गाता येत नव्हतं, म्हणून तो बोलायला उभा राहिला आणि बोलता बोलता रडू लागला. माझ्या बायकोनंही पदर डोळ्यांना लावला. साहेब पुढे वाकले, स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन त्याचे डोळे पाहिले आणि मागे टेकत म्हणाले, "ओल हाय." रडणारे सगळे हसायला लागले.

मग गाणी थांबली आणि तिकडची चित्रं दाखवली. दगडांचे ढीग, फाटके तंबू, बर्फ पडायला लागलेलं. एका तंबूत एक बाई दोन लेकरांना आपल्या अंगाशी घेऊन बसली होती आणि तिघांवर मिळून एक प्लास्टिकचा कागद होता. खाली फोनचा नंबर सरकत होता. निवेदिका हात जोडून म्हणत होती, तुम्ही सगळे द्या, जे जमेल ते द्या.

साहेबांनी यावेळी ग्रेड लावली नाही.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर यायचं ते एकाच कारणासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. कॅमेरेवाले यायचे, कुठल्याशा दारात बसलेल्या बाईचा चेहरा दाखवायचे आणि निघून जायचे. सगळा देश आमच्याकडे बिचारे म्हणून पाहायचा. आज तोच टीव्ही आमच्यापुढे हात जोडत होता. हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. साहेबांच्या आलं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "कोणीतरी आपल्यालेबी मांगून राह्यलं."

ते उठले आणि फोन लावला. वीस मिनिटांनी लागला. पलीकडून एक मुलगी बोलत होती. साहेबांनी आधी तिला जेवली का विचारलं, मग सांगितलं की आमच्याकडे यंदा कापूस घराघरात पडून आहे, घ्यायला कोणी नाही; आम्ही रजया पाठवतो. मुलीनं कार्डाचा नंबर विचारला. साहेबांनी रेशन कार्डाचा दिला. असं बराच वेळ चाललं. शेवटी ती म्हणाली की वस्तू घेत नाही, फक्त रक्कम. साहेबांनी तिला आशीर्वाद देऊन फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं, "पोरगी एक नंबर हाय. पण तिच्या हाती काही नाई. रजया आपुनच पाठवू."

आणि त्यांनी मागे लागून रस्ता काढला. नागपूरहून एक मंडळ ट्रक भरून तिकडे पाठवणार होतं. दहा दिवसांनी तो ट्रक जाणार होता. साहेबांनी चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'भूकंपवाल्या लेकरांसाठी कापूस द्यावा. पसाभर चालेल.' खाली स्वतःचं नाव आणि पत्ता.

तीन दिवस कोणी आलं नाही. साहेब ओसरीवर रिकामं पोतं पसरून सकाळपासून बसत. मी शाळेतून येताना पाहायचो, पोतं तसंच सपाट. चौकात लोक फळा वाचून हसत होते, की या माणसाला कापूस दाखवायला आता कोण जाईल. मी बायकोला म्हटलं, फळ्यावर साहेबांऐवजी आपलं नाव घालायला हवं होतं.

चौथ्या दिवशी पहिलं गाठोडं आलं ते राळेगावहून, साहेबांच्या सख्ख्या मेव्हण्याचं. साहेबांनी पुंजका ओढला आणि गाठोडं परत बांधून त्याच्या हातात दिलं. "फुकट द्याचं म्हनून फरदड देता काय? थंडी तिकडं कमी पडते काय?" मेव्हणा चहा न घेता गेला. मी कपाळाला हात लावला.

त्याच दिवशी दुपारी झरीकडच्या एसटीनं एक म्हातारी उतरली आणि डोक्यावर पांढरं गाठोडं घेऊन विचारत विचारत आमच्या गल्लीत आली. शाळेला सुट्टी होती, मी साहेबांच्या ओसरीवरच होतो. पारबताबाई तिचं नाव. तिनं गाठोडं खाली ठेवलं, पण हात त्याच्यावरच ठेवला.

"साहेब, मले वळखलं?"

साहेबांनी मान हलवली. ओळखलं होतं की नव्हतं, कळलं नाही.

"माहा म्हातारा होता तवा आमची गाडी आलती. दोन दिवस लायनीत होतो. तुमी फरदड म्हनलं." ती अगदी शांतपणे बोलत होती. "म्हातारा घरी गेल्यावर मले म्हने, बरोबर बोलला तो मानूस. फरदडच होता. आमीच चांगल्या कापसाच्या मंधात घातलता. पन मले तुमचा लय राग आलता."

तिनं गाठोडं त्यांच्यापुढे सरकवलं.

"हा पहिल्या वेच्याचा हाय," ती म्हणाली. "पाहून घ्या."

तिनं हात काढला. साहेबांनी गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि तसंच, गाठ न सोडता, पोत्यावर नेऊन ठेवलं. मग आत जाऊन तिच्यासाठी स्वतः चहा केला. साखर विसरले. ती तसाच प्यायली.

पारबताबाई एसटीनं परत गेली आणि तिनं वाटेतल्या गावांत काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दोन गाठोडी आली, तिसऱ्या दिवशी केळापूरहून एक अख्खी बैलगाडी. मेव्हणासुद्धा चांगला कापूस घेऊन परत आला. एका जिनिंगवाल्यानं सरकी काढून दिली, रहीमभाई पिंजाऱ्यानं आपलं मशीन दोन दिवस दुसऱ्या कुठल्या कामाला लावलं नाही. गल्लीतल्या बायका साहेबांच्या अंगणात बसून रजया शिवत होत्या, आणि साहेब नाकात, भुवयांत रुई अडकलेल्या अवस्थेत टाक्यांची ग्रेड लावत फिरत होते. माझ्या बायकोला त्यांनी दोन नंबरावर उतरवलं. त्या दिवशी मी पोटभर हसलो.

ट्रक हायवेला थांबला, तेव्हा आम्ही साठएक रजया चढवल्या. साहेबांनी ड्रायव्हरला तीनदा बजावलं, की पावसात ताडपत्री नीट बांध. ट्रक दिसेनासा झाल्यावरही ते काही वेळ रस्त्यावर उभे होते. अंगणात आता कोणी येणार नव्हतं.

पुढच्या रविवारी चार वाजता ते पुन्हा आमच्या दारात आले. सदरा इस्त्रीचाच. "मास्तर, आज बी टीव्हीवर काही मोठं हाय म्हनतात," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले.

आम्ही दोघं गेलो. टीव्हीवर फवारणीच्या पंपाची जाहिरात चालू होती. मग गाईंच्या आजारांवर एक डॉक्टर बोलू लागले. आम्ही तिघांनीही ते दहा मिनिटं मन लावून पाहिलं. साहेबांनी विचारलं, आवाज वाढवू काय. बायको म्हणाली, "राहू द्या काकाजी. तुमीच बोला काहीतरी."

त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, की काकूंचा गळा फार गोड होता. स्वयंपाक करताना एकच गाणं म्हणायच्या. कापसाच्या हंगामात ते पहाटेच केंद्रावर जायचे, घरी यायचे ते कानात गाड्यांचा गोंगाट घेऊन, आणि हंगाम संपला की थकवा. त्या जलशाच्या दिवशी टीव्हीवर ती पहिली बाई गायला लागली तेव्हा त्यांना वाटलं होतं, हिचा आवाज काहीसा तसाच आहे.

"कोणतं गाणं म्हणायच्या काकू?" बायकोनं विचारलं.

आठवायला साहेबांनी डोळे मिटले, अंगठे जुळवले.

"पोरी," ते म्हणाले, "थे मी कधी बसून आयकलंच नाई."