धुऱ्यावरचं अमेरिकेचं झाड

"झाड ओळखायचं असन त आधी वास घेजो पोरी, मंग फोटो काढजो," सुमित्राबाईंनी सुनेला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. अंकिता बी.एस्सी. झालेली. तिनं ते हसण्यावारी नेलं.

त्या सकाळी सासूबाई भाजी विकायला वर्ध्याच्या बाजारात गेल्या होत्या. इकडे आंजी गावच्या मळ्यात, पाटाकडेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन वर्षांचा साहिल पिवळ्या फुलांचा तुरा चघळताना सापडला. अंकितानं तुरा तोंडातून ओढून काढला आणि झाडाचा फोटो घेतला. मोबाईलनं लगेच निकाल दिला: प्रेअरी गोल्डनरॉड. अधिवास, उत्तर अमेरिकेतली कोरडी, रेताड माळरानं.

"अहो, यानं अमेरिकेचं झाड खाल्लं."

"अमेरिकेचं इथं कसं येईन?" आदेश म्हणाला.

"गाजरगवत नाही आलं, तिकडच्या गव्हाबरोबर?"

नवऱ्यानं गाडी काढली. सासरे चंद्रभानजी मात्र काठी घेऊन उठले. गाजरगवत उपटण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. "तुमी पोराले न्या. मी राखतो. एक बी उडू देत नाई."

"मामाजी, माझा फोन येईपर्यंत हलू नका."

"नाई हलत."

अंकितानं श्वास रोखून एक फांदी पिशवीत घातली, वर दोन गाठी मारल्या. डॉक्टरांकडे जाताना वाटेत बाजार लागला. अंकितानं मोबाईलवरचं सगळं वाचून दाखवलं. सुमित्राबाईंनी नातवाला मांडीवर घेतलं, त्याचं तोंड हुंगलं, मग गाठी सोडून पिशवीत नाक घातलं.

"शेपू हाय. बियाण्याले सोडला ना म्या. अन् माळावरचं झाड पाटाच्या पाण्यात पाय घालून काऊन बसन?"

अंकिता आठवड्यातून दोनदा शेपू निवडायची, पण जुडीतला. फुलावर आलेला तिनं कधी पाहिलाच नव्हता.

तेवढ्यात, घरी शेपूची भाजी थुंकणाऱ्या साहिलनं आजीच्या शेपूच्या ढिगातली एक काडी ओढली. अंकितानं ती आधी स्वतःच्या नाकाला लावली, मग त्याला दिली. तो मजेत चावू लागला.

"खाऊन राह्यला पाह्य," सासूबाई म्हणाल्या.

निघायला गेले तर गाडी पंक्चर. अंकितानं सासऱ्यांना फोन लावला. त्यांचा फोन तिच्याच खांद्यावरच्या पिशवीत वाजला. घाईत तिनंच उचलून आणला होता.

म्हणून तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आंजीच्या रस्त्यानं जाणार असाल, तर पाटाजवळ काठी घेऊन एक म्हातारे उभे दिसतात का बघा. दिसले तर म्हणावं, शेपू आहे, आता बसा.