उंदरांना माझा वास

कारंजा गावातल्या आमच्या औषधशास्त्राच्या कॉलेजात मालती मॅडम आहेत. प्राचार्यांशी त्या रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात आणि उंदरांशी कुजबुजतात. उंदरांच्या खोलीत शिरताना बांगड्या वाजू नयेत म्हणून हाताला रुमाल गुंडाळतात. कोणी दार आपटलं की बाहेर येऊन विचारतात, "काहून रे, लढाईवर चालला काय?"

मी रत्नागिरीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. इतक्या लांब पिंजरे साफ करायचं काम मिळालं म्हणून आजही मनातल्या मनात हात जोडतो. पण घोटाळा माझ्यामुळेच झाला. उंदराच्या मूत्रपिंडावर एक इवलीशी ग्रंथी असते. उंदीर घाबरला की ती रक्तात एक संप्रेरक सोडते. मॅडमचा अभ्यास त्याचाच. मी आल्यावर रक्त तपासलं, तर ज्या उंदरांना कोणी बोटही लावलं नव्हतं, त्यांच्यातही ते भरमसाट निघालं. नव्या माणसाच्या वासाला भ्यायले होते बिचारे.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हा माणूस बदला. वरून कॉलेज तपासणारे येऊन राह्यले."

मी झाडू घेऊन दाराशीच उभा होतो.

"माणूस नाई बदलत. तपासणी पुढं ढकला."

"एका झाडूवाल्यासाठी?"

"उंदीर तुमाले भेले असते, तर तुमाले बदललं असतं काय?"

मग मॅडमनी माझं घामट बनियन मागितलं. मी मेल्याहून मेल्यासारखा. "दे नं बावा, मले घालाचं नाई." त्याचे तुकडे करून त्यांनी पिंजऱ्यापिंजऱ्यात टाकले आणि मला रोज तिथे नुसतं बसवलं. "हळू बोलत राय. तुह्या गावचं सांग." मी उंदरांना भरती-ओहोटी सांगितली, होड्या सांगितल्या, आईची शेजारणीशी भांडणं सांगितली. मॅडम भिंतीला टेकून ऐकायच्या. उंदीर बनियनच्या चिंध्यांची घरटी करून झोपू लागले.

पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा आकडा खाली आला होता. प्राचार्य कागद पाहून निघून गेले. माझी नोकरी राहिली.

मॅडमनी माझं मनगट धरून नाडी पाहिली.

"उंदरायचं उतरलं. तुह्यं अजून वाढलेलंच हाये."

"होईल कमी," मी म्हटलं.

"होऊ दे सावकाश. मी सून होऊन या गावात आली, तवा मले कोनं वेळ देल्ला?"

एवढं बोलून त्या पिंजऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरू लागल्या. ते काम माझं होतं. मी उठलो, तर मागे न बघता म्हणाल्या, "बस."