खाजेचा मुलजिम

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. जाहीर झालेली रक्कम रुपये एकावन्न. हजर होते ते असे: नाझरअप्पा, त्यांची थोरली बहीण आक्का, सून महादेवी, तिच्या मांडीवर सहा महिन्यांचा बाळू, शेजारी म्हणून मी, आणि टँकरची वाट बघत रांगेत उभ्या असलेल्या गल्लीतल्या घागरी. घागरींच्या मालकिणी पलीकडे लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. पण त्याही हजरच धरायला हव्यात, कारण नाझरअप्पा ओट्यावर बोलले की ते गल्लीच्या टोकाला ऐकू जात असे.

"या लेकराच्या अंगावर ही खाज कुणी आणली, तो मुलजिम जो कुणी धरून देईल त्याला रोख एकावन्न रुपये इनाम! तहकीकात आजपास्नं सुरू!"

हे बोलताना अप्पांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, मनगटाची बटणं लावलेली होती आणि वर काळा बंद गळ्याचा कोट होता. लातूरचा मे महिना, त्यात दुष्काळ. आम्ही बाकीचे पुरुष बनियनवर बसत होतो आणि तेही नकोसं वाटत होतं. पण अप्पांचं मनगटाच्या वरचं अंग गल्लीत कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. ते आंघोळीला शर्ट घालून आत जात आणि दुसरा शर्ट घालून बाहेर येत. कोणी विचारलं, "अप्पा, उकडून नाही का राहिलं?" तर म्हणत, "कोर्टाची सवय हाय. कोर्टात बाही वर केली की माणसाचा कारकून होतो."

अप्पा मूळचे उदगीरचे. सगळी नोकरी त्यांनी कोर्टात नाझर म्हणून केली. जप्ती, समन्स, मुद्देमाल हे ज्याच्या हाताखालून जातं तो नाझर. नोकरी सुटली होती, पण जप्ती सुटली नव्हती. गल्लीतल्या मुलांचा चेंडू ओट्यावर आला की "मुद्देमाल जप्त!" आणि मांजरानं दूध सांडलं की पंचनामा. मनात एकच सल होता. ते रिटायर झाले आणि पुढच्याच महिन्यात लातूर जिल्हा झाला. "सरकारला एक महिना आधी सुचलं असतं तर मी जिल्ह्याचा नाझर म्हणून घरी आलो असतो," असं ते टँकरच्या ड्रायव्हरलासुद्धा ऐकवत. मी त्याच नव्या जिल्ह्याच्या नव्या ऑफिसात हिशेबनीस म्हणून नांदेडहून बदलून आलो होतो. त्यामुळे जिल्हा जणू मीच उशिरा आणला, अशा नजरेनं ते माझ्याकडे बघत.

आता बाळूबद्दल. तिसऱ्या महिन्यात त्याचे गाल लाल झाले. मग कोपराच्या आतल्या घड्यांत आणि गुडघ्यांच्या मागे खरखरीत चट्टे उठले. लेकरू झोपेतही खाजवायचं. महादेवीनं त्याच्या हातांना जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून बांधल्या होत्या, त्यामुळे तो मुष्टियुद्धाला निघाल्यासारखा दिसे. त्याचे वडील एस.टी.त कंडक्टर. ते दिवसाआड घरी यायचे आणि "आक्का, पण..." एवढं बोलून झोपायचे.

पहिला आरोप पाण्यावर ठेवला गेला. आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी असं जड की साबणाला फेस येत नसे आणि पातेल्याच्या बुडाला पांढरं पुट चढे. अप्पांनी बोअर बंद करून बाळूच्या आंघोळीला टँकरचं पाणी लावलं. चार दिवसांनी ड्रायव्हरला विचारलं, "हे गोड पाणी कुठलं हो?"

"कुठलं म्हंजे? तुमच्याच मागल्या गल्लीतल्या बोअरचं हाय अप्पा."

अप्पा म्हणाले, "पाण्याला जामिनावर सोडलं."

दुसरा आरोपी साबण. आक्का लेकराला कपडे धुवायच्या पिवळ्या वडीनं घासत असत. त्यांचं म्हणणं, त्यानं मळ मुळापासून निघतो. अप्पांनी वडी चिमट्यानं उचलून शिंकाळ्यात टांगली. "साथीदार! पण मुख्य मुलजिम न्हाई. ह्याच्या मागं कुणीतरी मोठा माणूस हाय."

तिसरी माझ्या बायकोनं प्रेमानं विणलेली लोकरीची टोपी. ती अप्पांनी माझ्या देखत जप्त केली. बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि माझ्याशी तीन दिवस. चौथी तिच्या माहेरची, अर्धापूरची केळी. बाळूला अजून दातसुद्धा नव्हते, तो केळी खात नव्हता, हे मी निदर्शनास आणलं. "पण त्याची आई खाते न्हवं?" असं म्हणून अप्पांनी अख्खा घड जप्त केला आणि दोन दिवसांत मुद्देमाल स्वतः संपवला.

मग इसबगोलाचं प्रकरण घडलं. कोणीतरी आक्कांना सांगितलं की ह्या खाजेला इसब म्हणतात. आक्कांनी अप्पांना दुकानात पाठवलं. दुकानदाराला अप्पांनी दरडावून विचारलं, "इसबाचं काय हाय तुमच्याकडं?" त्यानं बिचाऱ्यानं इसबगोलाचं पाकीट दिलं. पोट साफ व्हायला देतात तो भुसा. अप्पा विजयी मुद्रेनं घरी आले. "बगा, औषधाच्या नावातच रोगाचं नाव हाय! इसबाला गोल करतं ते इसबगोल!" पोटात द्यायला महादेवीनं साफ नकार दिला म्हणून तो पाण्यात कालवून बाळूच्या अंगाला चोपडला. थोड्याच वेळात भुसा फुगला आणि लेकरू असं बुळबुळीत झालं की कोणाच्या हातात ठरेना. आक्कांच्या हातातून अप्पांच्या, अप्पांच्या हातातून माझ्या, आणि माझ्या हातातून थेट गादीवर. बाळू मात्र जन्मात पहिल्यांदा खदखदून हसला. अप्पा म्हणाले, "गुण आला!"

"मामा," महादेवी पदराआडून म्हणाली, "अंगाला गुण न्हाई आला. पण आता आठवडाभर गादीला पोटाची तक्रार राहणार न्हाई."

अप्पांच्या त्या सुनेला जीभ होती. ती चाकूरची. अप्पा तिच्यावर वरून डाफरत, पण तिनं उत्तर दिलं की कोटाच्या खिशातून रुमाल काढून मिशीवर धरत. हसू लपवायची त्यांची ती रीत होती.

आक्कांना मात्र ती जीभ खुपत असे. आक्का देगलूरला दिलेल्या, विधवा झाल्यावर भावाचं घर सांभाळायला आल्या होत्या. त्यांचा मुलजिम पहिल्या दिवशीच ठरलेला होता.

"डोहाळ्यात वांगी खाल्ली हिनं. वांग्यानंच खाज उठते. आणखी काय तहकीकात करायची?"

"आत्याबाई, वांगी तर तुमीच भरून घातली होती मला."

"मी घालीन. पण तू खायची कामून?"

एवढा निकाल देऊन आक्का चुलीकडे वळल्या.

शेवटी मीच सुचवलं की नांदेडला एक डॉक्टरीणबाई आहेत, फक्त कातडीचं बघतात, त्यांना दाखवू. अप्पा, महादेवी, बाळू आणि मी एस.टी.नं निघालो. अप्पांनी शिंकाळ्यातली साबणाची वडी पुरावा म्हणून बरोबर घेतली.

बाईंनी बाळूला नीट तपासलं, वडी बघितली आणि आधी ती खिडकीबाहेर टाकली. मग म्हणाल्या, "हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईनं काय खाल्लं त्याच्यावर ढकलू नका. अशा लेकरांची कातडी जन्मतःच कोरडी असते, ओल धरून ठेवत नाही. त्यात ही कोरडी हवा, जड पाणी, तिखट साबण, लोकर. म्हणजे खाज वाढणारच. आंघोळ थोडक्यात, साधा साबण तोही थोडा, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा हे मलम. सुती कपडे घाला. बहुतेक लेकरांचं वाढत्या वयात कमी होतं." आणि लिहिता लिहिता विचारलं, "बरेचदा हे घराण्यातून उतरतं. घरात कोणाला दमा? सारख्या शिंका? अशीच खाज?"

अप्पा ताडकन म्हणाले, "आमच्या खानदानात न्हाई! साफ न्हाई!"

बाईंनी महादेवीकडे बघितलं. ती म्हणाली, "आमच्याकडं बी कुणाला ठाऊक न्हाई."

"मग कोणीतरी विसरतंय," बाई म्हणाल्या. मग अप्पांच्या कोटाकडे बघून, "आजोबा, तुम्हाला उकडत नाही का?"

"कोर्टाची सवय हाय," अप्पा म्हणाले. पण हे पहिल्यांदाच हळू म्हणाले.

परतताना कंधारच्या फाट्यापर्यंत ते मनगटाची बटणं चाचपत खिडकीबाहेर बघत होते. मी समजलो, एस.टी. लागली असेल.

घरी आल्यावर मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं आक्कांना जसंच्या तसं सांगितलं. आक्कांनी त्यातलं एकच वाक्य उचललं. "घराण्यातून येतं? आन् आपल्या घराण्यात न्हाई? मग झालं की! चाकूरहून आलं. पोरगी दाखवताना झाकून ठेवलं ह्या लोकांनी." त्याच दिवशी चाकूरला निरोप गेला. रविवारी महादेवीच्या भावानं येऊन तिला आणि लेकराला घेऊन जावं. लेकराचं अंग साफ होईपर्यंत परत आणू नये.

"आन् साफ झालंच न्हाई तर?" महादेवीनं विचारलं.

"तर मग बगू," आक्का म्हणाल्या. त्या 'बगू'चा अर्थ गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळला. महादेवीचा नवरा "आक्का, पण..." म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. अप्पा बाजेवर बसून होते. त्यांनी तीन दिवसांत काहीच जप्त केलं नाही. मुलांचे दोन चेंडू ओट्यावर तसेच पडून राहिले.

रविवार आला. महादेवीची ट्रंक दाराशी आली. तिच्या तोंडून त्या दिवशी एकही उत्तर निघत नव्हतं, हे मला जास्त लागलं. तिचा भाऊ आला. वीस-बावीस वर्षांचा, लाजाळू, हातात कलिंगड. त्यानं कलिंगड खाली ठेवलं न ठेवलं तोच आक्कांनी हुकूम सोडला.

"बाह्या वर कर."

"आं?"

"कर म्हणते न्हवं! तुमच्या घरची कातडी बगू दे सगळ्यांना."

बिचाऱ्यानं बाह्या वर केल्या. मग विजार गुडघ्यापर्यंत. मग मान वळवून दाखवली. पाण्याच्या रांगेतल्या बायका घागरी सोडून ओट्यापाशी आल्या. पोराची कातडी आमच्या अर्धापूरच्या केळ्यासारखी तुकतुकीत होती. "काय न्हाई दिसत बाई," एकजण म्हणाली. "लपलं असंल आत," आक्का म्हणाल्या. "शर्ट काढ." पोरगा रडायच्या बेताला आला.

तेव्हा बाजेवरून आवाज आला.

"थांबा. एका पक्षाची झडती झाली. कायद्यानं दुसऱ्या पक्षाची बी घ्यावी लागंल."

अप्पा उठले. त्यांनी कोट काढला आणि घडी करून ट्रंकेवर ठेवला. मनगटाची बटणं सोडली. एक बटण तुटून ओट्याखालच्या रांगेतल्या घागरीत पडलं. मग त्यांनी दोन्ही बाह्या दंडापर्यंत सारल्या आणि हात पुढे केले.

कोपरांच्या घड्यांत कातडी काळवंडलेली, जाड, भेगाळलेली होती. बाळूच्या अंगावर होतं तेच, पण साठ वर्षं मुरलेलं.

आक्का जवळ गेल्या आणि बोटानं चाचपून बघितलं. "तुला बी? आई मला कधी बोलली न्हाई."

"तुझं लगीन झालं तवा मी जन्मलो बी नव्हतो आक्का. आईनं लहानपणापास्नं लांब बाही घातली. म्हणायची, दिसलं तर पोरगी कोण देईल तुला? बाळूच्या आजीला लग्नानंतरच कळलं. ती काय बोलली न्हाई. रोज संध्याकाळी तेल कोमट करून वाटी आणून ठेवायची. ती गेल्यापास्नं..." मग ते ओट्याच्या कडेला येऊन गल्लीच्या टोकाला जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुलजिम हजर हाय! खाज माझ्या खानदानातली. चाकूरवाले बाइज्जत बरी! ट्रंक आत न्या!"

ट्रंक आक्कांनीच ओढत आत नेली. बाहेर आल्या आणि महादेवीच्या भावाला म्हणाल्या, "विजार खाली कर बाबा. कलिंगड काप." आक्कांच्या तोंडून माफी एवढीच निघणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी हिशेबाचा माणूस, मला राहवेना. "अप्पा, इनामाचं काय? मुलजिमानंच मुलजिम धरून दिला."

"मुलजिमाला इनाम देता येत न्हाई. कायद्यात बसत न्हाई." त्यांनी शर्टाच्या खिशातून पैसे काढले आणि महादेवीच्या भावाच्या देखत तिच्या हातावर ठेवले. "हे इनाम न्हाई सूनबाई. नांदेडला मी खोटी गवाही दिली, त्याचा हा दंड."

रुपये एकावन्न महादेवीला पोचले. त्यातून तिनं खोबरेल तेलाचा डबा आणला. संध्याकाळी बाळूला थोडक्या पाण्यात आंघोळ घालून, अंग ओलं असतानाच तिनं त्याला तेल लावलं. मग पदर सावरून दुसरी वाटी भरली आणि बाजेवर अप्पांच्या शेजारी ठेवली.

"मामा, कोमट हाय. गार व्हायच्या आत लावा."

अप्पांनी रुमाल शोधला. तो कोटात होता आणि कोट आत गेला होता. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि "मुद्देमाल... मुद्देमाल मिळाला," असं काहीतरी म्हणाले. ओट्याच्या पायरीवर बसलेल्या मलाही ते जेमतेम ऐकू आलं.

एक वाटी खोबरेल तेल, कोमट, नाझरअप्पांना पोचलं.