सुकलाल आप्पांचा खेकडा

बारा तास लूम चालवून आलेला चाळिशीचा माणूस व्हिडिओ गेममधल्या खेकड्याला वाट करून देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर लिहिलं नसतं.

सुरतेत पर्वत पाटिया भागात आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. सुकलाल आप्पा अमळनेरकडचे. बायको आणि मुलगी चिमी गावी, हे इथे एकटे. जुन्या बाजारातून त्यांनी तळहाताएवढा करडा गेम आणला होता. खेळ लहान मुलांचाच. एक बेडूक उड्या मारत फळ्या नि खड्डे ओलांडतो. वाटेत खेकडे येतात. त्यांच्या डोक्यावर उडी मारली की खेकडा चपटा, रस्ता मोकळा. सगळ्यात शेवटी एक बंद दार.

आप्पा खेकडा दिसला की बेडकाला कडेला उभं करत. "जाऊ दे त्याले. तो बी ड्युटीवर शे."

मी तेव्हा मजुरांच्या संघटनेची पत्रकं लिहायचो. हे वाक्य ऐकून माझं रक्त उसळलं. खेकडा म्हणजे पगारी पहारेकरी! खरा शत्रू दाराआडचा मालक! अर्धं पत्रक लिहून मी आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लीडर, तुले भूक लागेल शे. दोन घास खाई ले."

गेम बंद केला की सगळं पहिल्यापासून. म्हणून पाळी बदलताना चालू लूम दुसऱ्याच्या ताब्यात देतात, तसा आंघोळीला जाताना आप्पा तो माझ्या हातात देत. "चालू मशीन शे, सांभाळ." एकदा माझ्या हातून एक खेकडा चिरडला गेला. आप्पांनी ओल्या अंगानेच गेम बंद केला. पुन्हा पहिली फळी. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग एका सुट्टीच्या दिवशी बेडूक दारापाशी पोचला. गल्ली गोळा झाली. दारासमोर एक खेकडा येरझाऱ्या घालत होता, हटायलाच तयार नव्हता. सेल उतरत चालले, चित्र फिकट होऊ लागलं.

"मारी नाखो, आप्पा!" समोरच्या जयाबेन ओरडल्या.

आप्पा वाट बघत राहिले. चित्र विझलं.

मी भडकलो. "एकच खेकडा होता, आप्पा! दार उघडलं असतं!"

"उद्या पाहू," ते म्हणाले. "तू कागद काढ."

त्यांची पत्रं नेहमी गल्लीतले मास्तर लिहीत. मास्तर गावी गेले होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आप्पा भिंतीकडे बघत सांगू लागले.

"चिमे, दाराआड काय शे, ते मले अजून दिसनं नही. दिसनं की तुले सांगसू. पन तू बोलेल व्हती ना, खेकडाना घर बी पोर व्हई, वाट पाहत व्हई. मी एक बी मारेल नही."

माझं अर्धं पत्रक मी मनातल्या मनात फाडून टाकलं. शेवटी मी विचारलं, "इकडे आम्ही सर्व खुशाल, असं लिहू?"

"सर्व कोन? मी एकलाच तं शे." आप्पांनी विझलेला गेम हातात घेतला. "लिख, मी आनी खेकडा खुशाल शेतस."