समद्या शाळेची पालक

हौसाआत्तीला रामराम केला तर ती उलट रामराम करत नसे. ती समोरच्या माणसाचा जन्म सांगायची. "पायाळू हायेस तू. आईला दोन दिस बसवलंस," असं ती भर पेठेत पाटलांना म्हणायची, आणि पाटील फेटा सावरत वाट बदलायचे. गावातली चाळीस वर्षांची बाळंतपणं तिच्या हातची. ज्यांना आपण पहिल्यांदा उघडंवाघडं पाहिलं, त्यांच्यापुढे अदबीनं का उभं राहायचं, हे तिला कळत नसे.

मी परगावचा. सांगलीच्या हळदपेठेत हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा, नुकताच बी. ए. झालेला. माझ्या फीमाफीच्या प्रत्येक अर्जावर वडिलांचा अंगठा होता. म्हणून तासगावजवळच्या या गावी मास्तर होऊन आल्यावर, शाळेत पालकांना लिहायला-वाचायला शिकवण्याचा वर्ग निघतोय असं कळलं, तेव्हा तो मी मागून घेतला. लढाईचे दिवस होते, दिव्याला रॉकेल मिळत नव्हतं. सोमवारी गावात कोणी औत जुंपत नसे, तेव्हा वर्ग सोमवारी दुपारी ठरला.

पहिल्याच दिवशी हौसाआत्ती येऊन पुढे बसली. हजेरीपटात तिचं नाव घालून मी पुढचा रकाना विचारला.

"पाल्याचं नाव?"

"म्हंजे?"

"तुमचं कोणतं मूल या शाळेत आहे?"

"समदी शाळा लिवा."

"असं लिहिता येत नाही, आत्ती."

"का? पोरं भाईर काढून मोजा. दोन-चार सोडली तर समदी माज्याच हातावर आल्याती."

हेडमास्तर याच गावचे. ते मध्ये पडले. "आत्ती, वर्ग फक्त आईबापांचा हाय. नियम हाय तसा."

"तू गप रं. जन्मल्यावर घटकाभर रडला न्हाईस. पालथा धरून चार धपाटं घातलं तवा तोंड उघडलंस. आन् आता मला नियम सांगतोय."

रकाना कोरा राहिला.

पाटी हातात घेण्याआधी तिला गरम पाणी लागायचं. "हात धुतल्याबिगर मी नव्या जिवाला शिवत न्हाई," ती म्हणायची. त्यामुळे दर सोमवारी हेडमास्तरांचं चहाचं पातेलं त्या कामी जायचं. अक्षरांकडे ती आपल्या धंद्याच्या नजरेनं बघे. 'ळ' फळ्यावर काढला, तर म्हणाली, "जुळं हाय."

खरी पंचाईत दुसऱ्यांची व्हायची. वर्गात एक पैलवान होता, तिसरीतल्या मुलाचा बाप. त्याला 'ण' काही केल्या निघेना. घामानं निथळत तो पाटीवर वाकलेला, आणि आत्ती मागून त्याच्या पाठीवरनं हात फिरवत सांगतेय, "दम धर. घाई करू नगं. डोस्कं आलंय, आता खांदं आपसूक येत्याली." बायका पदरात तोंड घालून हसल्या. पैलवान दोन सोमवार फिरकला नाही. तिसऱ्या सोमवारी आत्तीनंच त्याला मनगट धरून आणला.

तिची एक खोड मला त्रास द्यायची. मी धडा शिकवायचो क्रमानं आणि ती विचारायची भलतंच. "मास्तर, 'त'ला काय लावल्यावर 'तु' हुतो?" मला वाटलं, हिला आधी स्वतःचं नाव लिहायचं असेल. मी ते फळ्यावर काढून दिलं. तिनं बघितलंही नाही. "माजं नाव गावाला ठावं हाय. 'तु'चं सांगा."

वर्षभरानं तालुक्याहून पत्र आलं. डेप्युटीसाहेब तपासणीला येणार. ज्यांचं मूल शाळेत नाही, त्यांची नावं पटावरून कमी करावीत. मी आत्तीला सांगितलं. एरवी तिनं मला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती पाटी छातीशी धरून उभी राहिली.

"आवं मास्तर, एवढ्यात नाव खोडू नगा. माजं काम ऱ्हायलंय अजून."

"कसलं काम?"

"लिवायचं हाय थोडं."

मी खोडलं नाही. साहेबच ठरवतील म्हणालो.

साहेब आले. प्रत्येकानं आपल्या मुलाचं नाव लिहून दाखवायचं, अशी परीक्षा त्यांनी घेतली. पैलवानानंसुद्धा नीट लिहिलं. मग साहेबांचं बोट पटावरच्या कोऱ्या रकान्यावर थांबलं.

"हौसाबाई, तुमचं मूल?"

"आदी ऊन पाणी आणा." हेडमास्तर पातेलं घेऊन आले. हात धुताना तिनं साहेबांना न्याहाळलं. "तुमी कुठलं?"

"शिराळ्याचा."

"मग माज्याकडचं न्हाईसा," म्हणून तिनं त्यांना सोडून दिलं आणि लिहायला बसली.

ती लिहीत राहिली. एक बाजू भरली, तिनं पाटी उलटी केली. रतन, तुका, सगुणा, आणखी कितीतरी. साहेबांनी पाटी वाचली आणि हेडमास्तरांना शाळेचा पट चाळायला लावला. पानं उलटून हेडमास्तर म्हणाले, "यातलं एकही मूल आपल्या शाळेत नाही, साहेब."

"शाळंपतूर आलीच न्हाईत ती," आत्ती म्हणाली. "माज्या हातावर आली आन् डोळं न उघडताच गेली. आईला दावत बी न्हाईत कोण. त्यांचं बारसं कोण घालतंय? मीच आपलं एकेक नाव ठिवायची आन् मग पुरायला द्यायची. आजवर तोंडपाठ हुती समदी. आता इसरायला हुतंय, म्हनलं लिवून ठिवावं."

साहेबांनी पेनला टोपण लावलं.

बायकांच्या रांगेतून शेवंता उठली. तिचा थोरला दुसरीत होता. ती पुढे आली.

"आत्ती, माजं कंचं?"

आत्तीनं एका नावाखाली बोट ठेवलं. शेवंता पाटीशी उकिडवी बसली. तिची बाराखडी अजून अर्धी व्हायची होती, पण साधी अक्षरं तिला येत होती. तिनं आत्तीच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं.

"र," ती म्हणाली. "त."

आणि थांबली. पुढचं अक्षर तिला चांगलं येत होतं. आम्ही कोणीही ते सांगितलं नाही.